टेक्सासमध्ये रात्रीची रानडुकराची शिकार : एच-वनवाल्यांनी सुरुवात लायसन्सपासून करावी

टेक्सासमध्ये रानडुक्कर मारायला लायसन्स लागत नाही, असं इथं कुणीही सांगतं, आणि ते खरंही आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने रानडुकराची शिकार करायची तर राज्य लायसन्स मागत नाही. हंगाम नाही, किती मारावीत याला मर्यादा नाही, रात्रीही चालतं. पण हे नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना लागू पडतं. एच-वन, एच-फोर, एल-वन, एफ-वन यांपैकी कुठल्या व्हिसावर असाल, तर तेवढ्यावर विसंबून जाऊ नका.

कारण बंदुकीचा केंद्रीय कायदा वेगळा आहे. तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला त्यात मनाई आहे. विकत घ्यायला तर आहेच, पण गाइडची रायफल घटकाभर हातात धरणं, नेमबाजीच्या रेंजवर भाड्याची बंदूक चालवणं हेही ‘जवळ बाळगण्यात’च धरतात. या मनाईला मोजके अपवाद आहेत. आपल्या कामाचा त्यातला एकच : अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं, मुदतीतलं शिकारीचं लायसन्स तुमच्या नावावर असणं. म्हणजे डुकरासाठी टेक्सासला जे लायसन्स नको असतं, तेच बंदूक हातात धरता यावी म्हणून तुम्हाला लागतं. नवरा-बायको दोघं जाणार असाल तर दोघांची वेगवेगळी लायसन्सं. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर तुरुंग आहेच, शिवाय देशाबाहेर काढण्यासाठी तेवढं कारण पुरतं. तुमच्या कागदपत्रांत काही गुंता असेल तर रँच (शिकारीची खासगी जमीन) बुक करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला एक मेल टाका.

आम्ही तिघे होतो, दोघे एच-वनवर आणि एक ग्रीन कार्डवाला. हे सगळं समजेपर्यंत डिसेंबर संपत आला होता, आणि दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या सहलीत रेंजवर जाऊन आलेला एक जण ते वाचून दोन रात्री नीट झोपला नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पहिलं काम हंटर एज्युकेशनचं. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना टेक्सासमध्ये शिकारीसाठी हा कोर्स करावा लागतो. खासगी जमिनीवरच्या डुकरांपुरतं त्यावाचून भागतं, पण लायसन्स काढतोच आहोत तर कोर्सही उरकून घ्या. सतरा किंवा त्याहून जास्त वयाच्यांना तो पूर्णपणे ऑनलाइन करता येतो. आम्ही ४ आणि ५ जानेवारी २०२५ च्या शनिवार-रविवारी केला, साधारण सहा तास लागले. बंदुकीची नळी कुठल्या दिशेला असावी, काटेरी कुंपण ओलांडताना रायफल कशी द्यावी-घ्यावी, नेमाच्या मागे काय आहे ते आधी का बघावं, हे सगळं त्यात आहे. कंटाळवाणं वाटलं तरी कुंपणाचा भाग दोनदा वाचा. आम्हाला शिकारीच्या रात्री तीन कुंपणं ओलांडावी लागली.

लायसन्स ११ जानेवारीला काढलं. खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानांत त्याचा काउंटर असतो. ड्रायव्हिंग लायसन्स, सोशल सिक्युरिटी नंबर, उंची, डोळ्यांचा रंग, बस, एवढंच विचारतात. सलग सहा महिन्यांहून जास्त काळ टेक्सासमध्ये राहत असाल तर रहिवासी म्हणून २५ डॉलर. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांसाठी पाच दिवसांचं विशेष लायसन्स ४८ डॉलरचं आहे. त्यात हरिण बसत नाही, डुकरासाठी मात्र पुरतं. ऑनलाइन काढलं तर पाच डॉलर जास्त पडतात. लायसन्स जागेवर छापून मिळतं. तो कागद पातळ असतो आणि घामाने पुसट होतो, म्हणून प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवा आणि फोनमध्ये फोटो काढा. व्हिसाच्या मंजुरीचा कागद आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) यांचे फोटोही त्याच फोल्डरमध्ये असू द्या.

लायसन्स हातात आल्यावरच रेंज. हा क्रम उलटा करू नका. जाण्याआधी फोन करून स्पष्ट विचारा, की मी एच-वनवर आहे, माझ्याकडे मुदतीतलं हंटिंग लायसन्स आहे, चालेल का? एका रेंजने लायसन्स असूनही नाही म्हटलं. तो त्यांच्या धोरणाचा भाग असतो, वाद घालून उपयोग नाही. दुसऱ्या रेंजने लायसन्सची प्रत ठेवून घेतली आणि आत सोडलं. १८ जानेवारीला तिथं .३०८ ची रायफल भाड्याने घेऊन प्रत्येकी वीस गोळ्या झाडल्या. गोळ्यांची पेटी ३० डॉलरच्या आसपास. सराव टेबलावर बसून करू नका. रात्री आपण तिपाईवर रायफल टेकवून उभे असतो, आणि उभं राहून नेम धरताना श्वास सोडल्यावरचा जो क्षणभराचा ठहराव असतो तो सापडायला वीस गोळ्यासुद्धा कमीच पडतात.

मग रँच ठरवायची. ऑस्टिनच्या ईशान्येला ब्राझोस नदीच्या काठची जमीन काळी, भारी, कापूस आणि मक्याची. हर्न गावाच्या आसपास फेब्रुवारीच्या शेवटी मका पेरायला सुरुवात होते आणि पेरणी झाली की डुकरं येतात. आम्ही चार ठिकाणी फोन केले. विचारायचे प्रश्न असे : रायफल आणि थर्मल (उष्णतेवरून चित्र दाखवणारी) दुर्बीण भाड्यात धरलेली आहे का? एका गाइडमागे किती माणसं? डुकराला दाण्याच्या फीडरजवळ बसून मारायचं, की शेतात शोधत जायचं? पाऊस पडला तर काय? मारलेलं जनावर सोलायला जागा आणि पाणी आहे का? शेवटच्या प्रश्नाला जो गडबडला त्याला आम्ही सोडलं. ठरलेल्या ठिकाणी माणशी ३५० डॉलर, निम्मे आगाऊ. पावसाने चिखल झाला तर तारीख पुढे जाते, पैसे परत मिळत नाहीत. काळ्या मातीत ट्रक एकदा रुतला की निघत नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

तारीख मिळाली शुक्रवार २८ फेब्रुवारीची, अमावास्येच्या लगतची. थर्मलला चंद्रप्रकाश लागत नाही, पण गडद अंधारात डुकरं उघड्या शेतात लवकर उतरतात असं तिथला गाइड सांगतो आणि त्यामुळे या तारखा आधी भरतात. सहा आठवडे थांबावं लागलं.

संध्याकाळी पाचला पोचलो. पहिलं काम सह्यांचं. टेक्सासमध्ये २०१५ पासून शेती-पर्यटनाचा वेगळा कायदा आहे. दुखापत झाली तर जमीनमालकाची जबाबदारी मर्यादित राहते, असं लिहिलेला कागद सही करून द्यावा लागतो. वाचून सही करा, घाई कुणी करत नाही. गाइडने आमची लायसन्सं बघितली, एच-वनवाल्या दोघांची जरा जास्तच बारकाईने, आणि गेम वॉर्डनला (शिकारीचे कायदे बघणाऱ्या अधिकाऱ्याला) मेसेज केला की आज रात्री अमुक रस्त्यालगतच्या शेतात आम्ही असू. तसं करणं सक्तीचं नाही, पण रात्री गोळ्यांचे आवाज ऐकून शेजारी फोन करतात, तेव्हा वॉर्डनला आधीच माहीत असलेलं बरं.

उजेड होता तोवर रायफल तपासून घेतली. थर्मलला रंग दिसत नाहीत, फक्त तापमानातला फरक दिसतो. त्यामुळे कागदावरचा काळा ठिपका तिथं निरुपयोगी. पुठ्ठ्यावर चार इंचांचा ॲल्युमिनियम टेपचा चौकोन चिकटवला होता. आकाशाचा गारवा त्यात परावर्तित होतो आणि पुठ्ठ्यावर तो चौकोन काळाकुट्ट दिसतो. थंडीत हात शेकायची पुडी चिकटवली तरी चालते, मग ठिपका पांढरा दिसतो. शंभर यार्डांवरून प्रत्येकाने तीन गोळ्या मारल्या. माझ्या तीन गोळ्या दीड इंचात बसल्या, पण चौकोनाच्या दोन इंच डावीकडे. गाइडने दुर्बिणीत तेवढं सरकवून दिलं. बुकिंगमध्ये हे नसेल तर आग्रहाने मागा. आदल्या रात्रीच्या माणसाने रायफल कुठं आपटली असेल, सांगता येत नाही.

थर्मलबद्दल आणखी काही गोष्टी आधी कळल्या असत्या तर बरं झालं असतं. तो काचेतून बघू शकत नाही, म्हणजे गाडीची काच खाली केल्याशिवाय काही दिसत नाही. धुक्यात आणि दमट हवेत चित्र फिकट, सपाट होतं. काटेरी तार, सुकी फांदी, उंच गवत यांचं तापमान आसपासच्या हवेइतकंच असतं, म्हणून ती दिसतच नाहीत. नेमाच्या वाटेत फांदी असेल तर गोळी तिला लागून भलतीकडे जाते. आणि मधूनमधून चित्र सेकंदभर गोठतं, आतून ‘टक्’ असा आवाज येतो, तेव्हा यंत्र स्वतःला जुळवून घेत असतं. नेम धरण्याआधी बटण दाबून ते आपणच करून घ्यायचं, नाहीतर ऐन वेळी गोठतं. जादा बॅटऱ्या खिशात असू द्या, थंडीत त्या लवकर उतरतात.

साडेसातला निघालो. पायात उंच बूट, कारण उबदार दिवसानंतर रॅटलस्नेक फेब्रुवारीतही बाहेर असू शकतो. डोक्याला लाल दिवा. सुगंधी साबण, तंबाखू, च्युइंगगम काही नको. डुकराची नजर साधारण, कान चांगले, आणि नाक असं की वारा आपल्याकडून त्याच्याकडे असेल तर पाचशे यार्डांवरूनच कळप पळतो. गाइड खिशातली पावडरची बाटली दर काही मिनिटांनी दाबून बघत होता, धूळ कुठं जाते ते. त्या एका गोष्टीपायी आम्ही एक अख्खं शेत सोडून पाऊण मैल वळसा घातला.

पहिला कळप सव्वानऊला दिसला. मेस्किटच्या झाडांखाली अडीचशे यार्डांवर सात-आठ पांढरे गोळे, जमिनीलगत. आमच्यातल्या तिघांनाही ती डुकरंच वाटली. गाइड म्हणाला, थांबा. वीस मिनिटं थांबलो. वीस मिनिटं काळोखात उभं राहून पांढऱ्या ठिपक्यांकडे बघणं सोपं नाही. डोळा शिणतो आणि मन हवं ते दाखवायला लागतं. मग त्यातला एक गोळा उठला. पोटाखालून लांब पाय दिसले, मान वर झाली. वासरं होती, बसलेली.

थर्मलमध्ये अंतर कळत नाही, हे त्यामागचं कारण. जवळचा आर्माडिलो (कवचवाला छोटा प्राणी) आणि लांबचं डुक्कर सारख्याच आकाराचे दिसतात. म्हणून ओळख आकारावरून नाही, हालचालीवरून करायची. डुकराचं डोकं जवळजवळ सतत खाली असतं, मुस्कट मातीत, आणि कळप एका जागी ठरत नाही, ढकलाढकली करत पुढे सरकत राहतो. पाय आखूड, मान जवळपास नाहीच, खांद्याकडे उंच आणि मागे उतरतं अंग. हरिण आणि वासरू थोडं चरतं, डोकं वर काढतं, बघतं. बसलेल्या जनावरावर गोळी नाही, ते उठेपर्यंत थांबायचं. टेक्सासमध्ये दुसऱ्याचं वासरू मारलंत तर त्याची किंमत तुम्ही भरता, आणि गाइड तुम्हाला पुन्हा बोलावत नाही. त्या गाइडने ‘थांबा’ म्हटलं नसतं तर आमच्यापैकी कुणीतरी गोळी झाडली असती, ही गोष्ट मला अजून अस्वस्थ करते.

त्यानंतर तीन तास काही नाही. नदीकाठी दोन लोळणी बघितली, चिखल ओला होता, बाजूच्या झाडाच्या बुंध्यावर अंग घासल्याने माती लागलेली, पण जनावर नाही. अशा वेळी गारठा हाडांत शिरतो. थर्मासमधला चहा फार प्यायलो नाही, कारण प्रत्येक वेळी लघवीला उतरून जाण्यात वेळ आणि वास दोन्ही जातात.

एक वाजून दहा मिनिटांनी, दोन दिवसांपूर्वी पेरलेल्या मक्याच्या शेतात अकरा डुकरं होती. या वेळी शंका नव्हती : सगळी एका ओळीत, डोकी खाली, मोठ्यांच्या पायांत पिल्लं. डुकरिणी आणि पिल्लांचा कळप. मोठा नर बहुधा एकटाच फिरतो. वारा तोंडावर होता. साडेतीनशे यार्डांवरून चालत निघालो, एकामागे एक, नळ्या वर, चेंबर (नळीमागची गोळीची जागा) रिकामं. एकशे वीस यार्डांवर गाइडने तिपाया लावायला लावल्या, तिन्ही एका रेषेत, खांद्याला खांदा. रायफल तिपाईवर बसली की मगच गोळी चेंबरमध्ये. कुणीही या रेषेच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. डावीकडच्याने डावीकडचं डुक्कर, मधल्याने मधलं, उजवीकडच्याने उजवीकडचं, म्हणजे एकाच जनावरावर तीन गोळ्या जात नाहीत. मागे नदीचा उंच काठ होता. सपाट शेतात मागे काहीच नसेल तर .३०८ ची गोळी दोन-अडीच मैल जाऊ शकते, म्हणून गाइडने याच जागेची वाट बघितली होती.

नेम कुठं धरायचा तेही सांगून ठेवतो. डुकराचं हृदय हरणापेक्षा खाली आणि पुढे असतं. जनावर आडवं उभं हवं. पुढच्या पायाच्या रेषेवर, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. अंगाच्या मधोमध मारलं की गोळी आतड्यात जाते, डुक्कर पळतं आणि झाडीत जाऊन तासन्तास तडफडून मरतं. जुन्या नरांच्या खांद्यावर कातडीखाली जाड, चिवट ढाल असते, म्हणून हलकी गोळी तिथं दगा देते. आमच्याकडे १५० ग्रेन वजनाच्या होत्या.

गाइडने हळू आवाजात तीन, दोन, एक मोजलं. तिन्ही गोळ्या एकदम सुटल्या, रायफलींना सप्रेसर (आवाज कमी करणारी नळी) होते तरी छातीत दणका बसला. दोन डुकरिणी जागच्या जागी पडल्या. तिसरी पन्नास यार्ड पळून पडली. पळत्या कळपावर आम्ही पुन्हा झाडली नाही. तसं आधीच ठरवलं होतं : अंधारात, फिरत्या नळीने, शेजाऱ्याच्या खांद्याजवळून गोळी नको. मग रायफली रिकाम्या करून दहा मिनिटं उभे राहिलो. पडलेलं डुक्कर उठतं आणि सुळ्याने मांडी फाडू शकतं, म्हणून लगेच धावायचं नाही. गाइड एकटा, मागच्या बाजूने गेला, डोळ्याला काठी लावून बघितलं आणि मग हाक दिली.

लाल दिव्यात शेत बघितलं तेव्हा कळलं की ती ओळीत का होती. पेरणीयंत्राने सहा-सात इंचांवर एकेक दाणा टाकला होता आणि डुकराने मुस्कटाने तितक्याच अंतरावर एकेक खड्डा करत दाणा न् दाणा काढला होता. ओळ सोडून एक खड्डा इकडेतिकडे नाही. दोनशे फूट तशी ओळ होती, तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. कोकणात भात आणि विदर्भात तूर-सोयाबीन राखत रात्री काढणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं आहे. फरक कायद्याचा आहे : भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानडुकराला संरक्षण आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारणं गुन्हा. जात एकच असली तरी टेक्सासमध्ये ते बाहेरून आलेलं जनावर आहे, स्पॅनिश लोकांनी आणलेल्या पाळीव डुकरांची आणि नंतर शिकारीसाठी सोडलेल्या युरोपीय रानडुकरांची मिसळ. शिकारीने त्यांची संख्या आटोक्यात येत नाही, हेही गाइड प्रामाणिकपणे म्हणाला. त्यासाठी अख्खा कळप एकदम अडकवणारे मोठे पिंजरे लागतात. आम्ही मारलेल्या तिघींमुळे त्या शेतकऱ्याचा एखादा एकर वाचला असेल.

सोलायला दोन वाजले. इथं नायट्रिलचे हातमोजे दोन जोड घाला, हाताला जखम असेल तर सोलूच नका. रानडुकराच्या रक्तातून ब्रुसेलोसिस माणसाला होतो, महिनोन्‌महिने ताप येत राहतो. आतडं न फुटू देता पोट उघडायला नवशिक्याला पाऊण तास लागतो. माझी डुकरीण ११० पौंडांची भरली. मागचे दोन पाय आणि पाठीच्या दोन पट्ट्या घेतल्या, हाडाशिवाय २५ पौंड मांस निघालं. कूलरमध्ये खाली बर्फ, वर मांस पिशव्यांत, वर पुन्हा बर्फ, आणि तळाचं बूच उघडं ठेवून कूलर तिरका, म्हणजे मांस पाण्यात बसत नाही. बर्फाच्या तीन पिशव्या लागल्या, दोन घेतल्या होत्या. तिसरी पहाटे चारला पेट्रोल पंपावर घेतली. गाइडला माणशी ७० डॉलर टिप दिली. हे आधी बाजूला काढून ठेवा, रोख लागतात.

हे मांस विकता येत नाही, कुणाला द्यायचं तर फुकट द्या. फ्रीझरमध्ये ठेवल्याने ब्रुसेलोसिसचे जंतू मरत नाहीत, म्हणून सरळ १६० डिग्री फॅरनहाइटपर्यंत आतून शिजवा, थर्मामीटर लावून. पाळीव डुकरासारखी चरबी यात नसते. गोव्याकडच्या पद्धतीने सोरपोतेल करणाऱ्याने थोडी चरबी बाहेरून आणावी. आम्ही मालवणी मसाल्यात, कुकरला सहा शिट्ट्या देऊन मग मंद आचेवर तासभर ठेवलं. त्याआधी चिरताना पुन्हा हातमोजे.

आई-वडील भेटीला आलेले असतील आणि त्यांनाही रात्री न्यायचं असेल तर खुशाल न्या, फीडरजवळ बसायची जागा त्यांना आवडते. पण तेही तात्पुरत्या व्हिसावर असतात. ‘बाबा, धरून तर बघा’ असं गाइड प्रेमाने म्हणाला तरी रायफल त्यांच्या हातात देऊ नका.

टेक्सासचं लायसन्स तुम्ही कधीही काढा, ते ३१ ऑगस्टला संपतं. जानेवारीत काढलेलं जवळपास आठ महिने चाललं. पुढच्या वर्षाचं १५ ऑगस्टपासून मिळतं. सप्टेंबरमध्ये रेंजवर सरावाला जाणार असाल तर आधी ते काढा, जुनं पाकिटात असून उपयोग नाही.